अल्पशा आजाराने

३ मार्च, सोमवार

ही वही मास्तरणीने दिली. "बाबा, एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. आता स्वतःचं काहीतरी लिहा, मी तपासते." मास्तरीण म्हणजे माझी एकुलती एक लेक. शाळेशी तिचा काडीचा संबंध नाही, नवऱ्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकं सांभाळते. पण सातव्या वर्षी माझ्या हातातला कागद ओढून "हे चुकलंय" म्हणाली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिला सहावा महिना लागलाय. आजोबा होणाऱ्या माणसाने काहीतरी लिहून ठेवावं, असं तिचं म्हणणं. बरं बाई.

मी मुद्रितशोधक. सायंदैनिकातली प्रत्येक ओळ छपाईआधी वाचायची आणि चूक पकडायची, हे माझं काम. कचेरीत मला 'शुद्धिपत्र' म्हणतात, तेही तोंडावर. गेल्या वर्षी माणसं कमी केली, तेव्हापासून सकाळी नऊ ते अकरा निधनवार्तांच्या खिडकीवरही मीच बसतो. लोक घरच्या मयताची चिठ्ठी आणून देतात, मी ती नीट करून छापायला लावतो. लग्नाच्या जाहिराती तिसऱ्या मजल्यावर गेल्या, मरणाच्या मात्र माझ्या गळ्यात पडल्या.

आज सरकारी तपासनीस आले. तीन महिने अंकातला मजकूर त्यांना दाखवूनच छापायचा. काय छापायचं नाही त्याची यादी भिंतीवर लावली. साथ, दूषित पाणी, कावीळ, मोर्चा. गेल्या महिन्यात नदीपलीकडे पाण्यावरून दगडफेक झाली, त्याचं हे लेंढार. मला वाटलं होतं कोणी दांडगट येईल. आले ते बेताच्या उंचीचे, स्वेटर घातलेले, खिशात खोकल्याच्या गोळ्या. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे म्हणे. माझ्या टेबलाशेजारीच त्यांना टेबल दिलंय.

मास्तरीण नदीपलीकडेच राहते. पण तिच्या गल्लीत सगळं ठीक आहे. काल विचारलं होतं.

५ मार्च, बुधवार

कचेरीत रणकंदन. आमच्याकडे एक बातमीदार मुलगी आहे, पंचविशीची. तिला 'तुफान' म्हणतात, कारण ती आली की खुर्च्या हलतात. नदीपलीकडे पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी एकाच चरात टाकलीय, दोन्ही फुटल्यात, असं तिने लिहिलं होतं. फोटोही होता. तपासनिसांनी लाल पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत एकच रेघ मारली.

तुफान माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "काका, तुम्ही तरी बोला."

मी म्हटलं, "मी काय बोलू? मला पटतंय त्यांचं."

तिला ठाऊक नाही असं नाही. बारा वर्षांपूर्वी आमच्याच पेपराने एका पानाचा खास अंक काढला होता, धरण फुटलं म्हणून. त्याचं मुद्रित, म्हणजे छपाईआधीचा कच्चा कागद, मीच वाचलं होतं. त्यात एकही चूक नव्हती, फक्त धरण फुटलेलं नव्हतं. लोक जीव घेऊन पळाले, पुलावर चेंगराचेंगरी झाली, अकरा माणसं गेली. त्यात माझा धाकटा भाऊ. त्याच्या खिशात आमच्याच अंकाची घडी सापडली. ज्याचं जळतं त्याला कळतं. छापलेल्या शब्दाने माणूस मरतो हे मला कोणी शिकवायला नको.

"ती बातमी खोटी होती काका. ही खरी आहे."

"खरी की खोटी हे कोण ठरवणार?"

"आपण. जाऊन, बघून, चार जणांना विचारून. दुसरं काय काम आहे आपलं?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आणि बातमी बंद केली की अफवा थांबते असं वाटतं तुम्हाला? उलट तेव्हाच तिला ऊत येतो."

बोलायला चांगली आहे पोरगी. पण तिने अजून कोणाला खांदा दिलेला नाही. तपासनिसांनी आम्हा दोघांना एकेक गोळी दिली. तिने घेतली नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज खिडकीवर एक माणूस आला. त्याची बहीण गेली, वय सव्वीस. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'काविळीने निधन'. पावती न घेताच तो जायला वळला. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. तो नुसताच ग्लासाकडे बघत राहिला आणि न पिता निघून गेला.

थोड्या वेळाने संपादक स्वतः जिना उतरून आले. म्हणाले, "निधनवार्ता नातेवाईक लिहितील तशाच जाऊ द्या. त्यांच्या शब्दाला हात लावायचा नाही." संपादक चार महिन्यांनी निवृत्त होणार, त्यामुळे हल्ली त्यांचं लक्ष कमी झालंय. तो शब्द भिंतीवरच्या यादीत आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. उद्या कोणी बोट दाखवलं तर म्हातारपणी नामुष्की. मुद्रितात तेवढा शब्द काढला आणि 'अल्पशा आजाराने निधन' असं केलं. शोभतंही तेच. मूळ चिठ्ठी नेहमीप्रमाणे टेबलावरच्या खिळ्याला टोचली. कोणाची तक्रार आली तर हाताशी असावी म्हणून तीन महिने ठेवायची पद्धत आहे.

अंक आल्यावर संपादकांनी पान उघडून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही बदललंत?"

"हो साहेब."

तपासनीस शेजारीच चहा पीत होते. संपादक "हं" म्हणाले आणि वर गेले. आभार मानायची त्यांची ही जुनीच तऱ्हा.

९ मार्च, रविवार

मास्तरणीचा फोन. दर रविवारी ती आठवड्याच्या अंकांतल्या चुका मला सांगते. लहानपणी सुट्टीत मी तिला कचेरीत न्यायचो. तेव्हा मुद्रित तपासताना एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची, असं चालायचं. ही स्टुलावर बसून वाचायची, विरामचिन्हांसकट. "दीर्घ आजाराने स्वल्पविराम राहत्या घरी निधन झाले पूर्णविराम!" पूर्णविरामाला तर एवढी ओरडायची की यंत्रावरची माणसं हसायची. तेव्हापासून तिला पेपर उघडला की आधी निधनवार्ताच लागतात. आमची ही, म्हणजे बायको, म्हणते, पोरीला काय पण वळण लावलंत.

आज म्हणाली, "चूक एकही नाही बाबा. शाबास. पण एक विचारू? या आठवड्यात आमच्या बाजूचे तिघं गेले. वयं बघितलीत? सव्वीस, एकतीस, चोवीस. अल्पशा आजाराने म्हणजे कशाने हो?"

"अल्पशा आजाराने म्हणजे अल्पशा आजाराने."

"तुमच्यासारखं समजावून सांगावं ते तुम्हीच," म्हणून हसत सुटली. मग बाळ कसं लाथा मारतं ते सांगत बसली.

१४ मार्च, शुक्रवार

या आठवड्यात खिडकीवर नदीपलीकडच्या सहा चिठ्ठ्या. गंमत म्हणजे सगळ्या एकाच साच्याच्या. 'काविळीने निधन', आणि खाली गल्लीचा पूर्ण पत्ता. एरवी लोक चिठ्ठीत मयताचे गुण लिहितात, हौसेने कविता लिहितात, पत्ता मात्र विसरतात. एवढं शिस्तीत लिहायला यांना कोण शिकवतंय कोण जाणे.

दुपारी तुफान दिसली, इस्पितळाच्या फाटकाशी. एका म्हाताऱ्याला धरून ती चिठ्ठी लिहून घेत होती. बातम्या बंद झाल्या तर बिचारी लोकांना चिठ्ठ्या लिहायला मदत करते. मनाने चांगली आहे, फक्त तोंडाने फटकळ. मी सहाही चिठ्ठ्या नीट केल्या. पत्त्यांनी जागा फुकट जाते म्हणून तेही काढले.

१८ मार्च, मंगळवार

आज तपासनीस स्वतःहून बोलत बसले. त्यांना झोप लागत नाही. म्हणाले, "शाळेत नकाशा चुकला तर खोडता यायचा. इथे माझी एक रेघ चुकली तर कोणाचं घर जळेल सांगता येत नाही." मला त्यांची दया आली. म्हटलं, "साहेब, निधनवार्तांची काळजी करू नका. तिथले शब्द मी आधीच काढतो."

त्यांनी चष्मा वर केला. "अरे, तिकडे तर माझं लक्षच नव्हतं."

मग त्यांनी सगळे अंक चाळले आणि माझा हात हातात घेतला. यापुढे खिडकीवरच्या चिठ्ठ्याही ते रोज बघणार. कचेरीत वाचलेलं बाहेर, घरीसुद्धा, बोलणार नाही अशा कागदावर त्यांनी माझी सही घेतली. मी पाण्याबद्दल विचारलं. म्हणाले, पाण्याचा अहवाल चांगला आलाय, असं त्यांना वरून कळलंय. कावीळ उघड्यावरचं खाल्ल्याने होते. मला हायसं वाटलं. एकतीस वर्षांत कोणी माझा हात हातात घेऊन कामाचं कौतुक केलं नव्हतं, हेही खरं.

२३ मार्च, रविवार

मास्तरीण आणि जावई आले होते. तिच्या पायांना सूज आहे. हिने तिचे पाय मांडीवर घेतले आणि तेल लावत बसली. मास्तरीण म्हणाली, "बाबा, आमच्या शेजारच्या दोघांना कावीळ झालीय. नळाला कधी कधी वास येतो. पाणी उकळून प्यावं का? तुम्ही पेपरात आहात, तुम्हाला काही कळलंच असेल."

असं तोंडावर विचारलं. जावईही माझ्याकडे बघत होता.

मी काय सांगणार? माझी सही आहे. आणि खिडकीवर येतात त्या चिठ्ठ्याच की, त्यावरून पाणी वाईट म्हणायला मी काय डॉक्टर आहे? पोटुशी पोर, एकदा भीती मनात बसली की दिवसरात्र तेच धरून बसेल. पुलावर माणसं पळाली ती भीतीनेच. मी म्हटलं, "पाण्याचा अहवाल चांगला आलाय. उघड्यावरचं खाऊ नको म्हणजे झालं. लोकांच्या बोलण्यावर जाऊ नकोस."

"उकळून प्यायला आपलं काय जातंय?" ही तेल लावता लावता म्हणाली.

मी हिच्यावर खेकसलो. कारण नसताना. मास्तरीण म्हणाली, "जाऊ दे गं आई. बाबा म्हणतायत म्हणजे नक्की असेल. छापून आल्याशिवाय ते काही बोलत नाहीत." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

२८ मार्च, शुक्रवार

तुफान आज माझ्यासमोर उभी राहिली आणि मला वाटलं मारते की काय. पण तिचा आवाज चढला नाही.

"चिठ्ठ्यांमधली कावीळ तुम्ही काढता?"

"मीच. का?"

"मला वाटलं, छपाईखाली कोणीतरी सरकारी माणूस बसवलाय. तीन आठवडे मी त्याला शिव्या घालतेय." ती खाली बसली. "काका, तो शब्द चुकून नव्हता आला. इस्पितळाच्या दारात उभी राहून एकेका घरच्याला मी विनवत होते, कारण लिहा, पत्ता लिहा. तेवढी एकच जागा राहिली होती जिथे त्यांचं लक्ष नव्हतं. संपादकांना ठाऊक होतं. म्हणून तर ते खाली उतरून तुम्हाला सांगायला आले. त्या माणसाला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, तरी आले."

मी म्हटलं, मला कोणी स्पष्ट का नाही सांगितलं?

"तपासनीस तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेला असतो. कसं सांगणार? आणि वाटलं, तुम्ही निदान हात तरी लावणार नाही." मग म्हणाली, "पोटुशा बायका सगळ्यात जास्त जातायत. डॉक्टर सांगतात. त्यांना ही कावीळ झेपत नाही."

मी तिला भावाचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "माहीत आहे काका. पण तो एकदा गेला. हे रोज जातायत."

संध्याकाळी मास्तरणीला फोन लावला. बाळासाठी टोपी विणतेय म्हणाली, रंग कोणता घेऊ? मी पिवळा सोडून कोणताही घे म्हणालो आणि फोन ठेवला. असल्या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. परवा रविवारी येईलच ती. समोर बसवून, न घाबरवता सांगेन.

३० मार्च, रविवार

आली नाही. अंगात कसकस आहे, जेवण जात नाही म्हणाली. दिवसच तसे आहेत, असं ही म्हणाली.

मी फोन घेतला. म्हटलं, "पाणी उकळून पी."

"का हो? तुम्हीच तर म्हणाला होतात…"

"असंच. आई म्हणतेय."

"बरं, उकळते," म्हणाली. "आईचं ऐकायला लागलात, आता सुधारणार तुम्ही."

अजूनही खरं कारण सांगितलं नाही. लिहून ठेवतो म्हणजे नंतर मला नाकारता येणार नाही.

३ एप्रिल, गुरुवार

जावयाचा फोन आला. तिचे डोळे पिवळे झालेत. इस्पितळात नेलंय. मी कचेरीतून तसाच निघालो, चष्मा टेबलावरच राहिला. वॉर्डात दोघींमध्ये एक खाट. कोणाचंही नाव वाचता आलं नाही मला, नुसत्या पिवळ्या आकृत्या दिसत होत्या.

मला बघून म्हणाली, "बाबा, अल्पसा आजार झालाय." थट्टा करत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं.

मी तिला सगळं सांगितलं. खाटेच्या कडेला बसून, चिठ्ठ्यांपासून सहीपर्यंत. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं ना हो तुम्हाला."

१२ एप्रिल, शनिवार

मास्तरीण सोमवारी, सात तारखेला दुपारी गेली. आधी बाळ गेलं, मुलगी होती. मग रक्त थांबेना. शेवटचे दोन दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. वय अठ्ठावीस.

नऊ दिवस वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नाही. मी तिला मारलं, एवढंच आहे. डॉक्टर म्हणतात, लागण बरीच आधी झाली असेल, तुम्ही नंतर काय सांगितलंत त्याने फरक पडला नसता. म्हणजे आधी सांगितलं असतं तर पडला असता. त्यांनी समजूत घालायला सांगितलं, पण मला वाचता येतं.

हिने फक्त एकदा विचारलं. "अहो, तुम्हाला ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, समोर ठेवते, आत जाते. आमच्या भागाचं पाणी स्वच्छ आहे, तरी आंघोळीचंसुद्धा खळखळ उकळते. आज बादलीपाशी उभी राहून वाफेकडे बघत होती. मी दारात उभा होतो. आत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आज खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. आतल्या खुर्चीवर कोणी नव्हतं, कारण ती माझीच खुर्ची. मग आत जाऊन स्वतःच चिठ्ठी लिहिली. तिचं नाव, वय. 'पोटातल्या मुलीसह काविळीने निधन.' गल्लीचा पूर्ण पत्ता. शेवटी, 'नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.'

तपासनिसांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्यांचे डोळे भरले होते, खोटं बोलत नाही. म्हणाले, "मला हे सोडता येणार नाही. निधनवार्तांचं तुम्हीच मला दाखवलंत. आता वरच्यांनाही ते माहीत आहे, ते रोज पान मागवतात." मग म्हणाले, "अल्पशा आजाराने करू या? बाकी नाव, वय सगळं राहू दे. मोठ्या टायपात घेऊ."

मी म्हटलं, "साहेब, तो आजार अल्पसा नव्हता."

"मला माहीत आहे हो."

"मग छापू नका."

एकतीस वर्षं मी या गावातलं प्रत्येक मरण छापलं. माझ्या मुलीचं छापून आलं नाही.

संपादकांनी वर बोलावलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला म्हटलं होतं, हात लावू नका." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

टेबलावर येऊन बसलो. खिळ्यावर चिठ्ठ्यांचा ढीग. वरून एकेक काढून नदीपलीकडच्या वेगळ्या करायला लागलो. लोकांच्या हातच्या मूळ चिठ्ठ्या. वहीचे कागद, औषधाच्या खोक्याची मागची बाजू, शाळेच्या पाटीवर गिरवल्यासारखं मोठं अक्षर. आणि प्रत्येकीत तो शब्द. मी काढला होता फक्त मुद्रितातून. इथे सगळे होते. सत्तेचाळीस. सगळ्यात खाली सात मार्चची पहिली, पाणी न पिता गेलेल्या त्या भावाची. मी त्या पिशवीत घातल्या आणि वर तिची ठेवली. तपासनीस बघत होते. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि खोकल्याची गोळी शोधायला लागले. मी माझ्या कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून कायमचा निघालो.

१७ एप्रिल, गुरुवार

नदीपलीकडे सार्वजनिक नळाला सकाळी साडेसहाला पाणी येतं. सहालाच गेलो. बादल्यांची रांग लागलेली, बायका, म्हातारे, शाळेच्या गणवेशातली पोरं. मी पिशवी उघडली आणि नुसत्याच चिठ्ठ्या वरखाली करत राहिलो. आयुष्यभर मी ऐकणारा होतो, वाचणारी ती होती.

जावयाने मला पाहिलं असावं. दुकानातून स्टूल घेऊन आला, माझ्यामागे ठेवलं, आणि शेजारी उभा राहिला. तिच्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, अजूनही नाही. पण स्टूल घेऊन आला.

मी बसलो आणि सुरुवात केली. जसं लिहिलंय तसं, विरामचिन्हांसकट. दुसरी पद्धत मला येतच नाही. "वय सव्वीस स्वल्पविराम काविळीने निधन पूर्णविराम. पाण्याच्या टाकीमागची गल्ली पूर्णविराम." एक पोरगं फिदीफिदी हसलं, त्याला आईने चापटी मारली. चौथ्या-पाचव्या चिठ्ठीला रांग गप्प झाली. लोक नावं ओळखत होते. "ही आमची," कोणीतरी म्हणालं. "हा कोपऱ्यावरचा." प्रत्येक घराला फक्त आपलं मरण माहीत होतं. बाकीची त्यांनी पेपरात वाचली होती, अल्पशा आजाराची.

शेवटी तिची वाचली. ती वाचताना पूर्णविराम मोठ्याने म्हणायला हवा होता, मला जमलं नाही. जावयाने माझ्या हातातून चिठ्ठी घेतली आणि पाण्याची ओळ पुन्हा एकदा वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

एका बाईने भरलेली बादली खाली ठेवली. कडेवर वर्षाचं पोर होतं. तिने विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

मी म्हटलं, "महिना झाला."

तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं, बादली गटारात उपडी केली आणि गेली.

घरी येऊन ही वही उघडली. पहिली चिठ्ठी सात मार्चची. म्हणजे महिना नव्हे, एक महिना दहा दिवस. त्या बाईला मी दहा दिवस कमी सांगितले. उद्या साडेसहाला पुन्हा पाणी येईल. ती आली तर तिला बरोबर तारीख सांगायची आहे.